मध्यरेषेपाशी वाजणारी शिट्टी : बॅककोर्ट नियमाचा आढावा

बास्केटबॉलच्या सामन्यात सर्वांत जास्त गोंधळ उडवणारी शिट्टी मध्यरेषेपाशी वाजते. फाऊल झाला तर धक्का दिसतो, चेंडू बाहेर गेला तर तोही दिसतो. पण एखादा खेळाडू चेंडू घेऊन पुढे आला, रेषेच्या आसपास अडखळला, चेंडू मागे गेला, त्याच्याच साथीदाराने तो उचलला आणि शिट्टी वाजली, की प्रेक्षकांतले निम्मे लोक ‘बॅक, बॅक’ म्हणून ओरडतात आणि उरलेले ‘काय झालं?’ म्हणून शेजाऱ्याला विचारतात. शिट्टी वाजली नाही तर याच दोन गटांच्या जागा बदलतात. मुलांना आणि नवशिक्या पंचांना हा नियम सहसा एका वाक्यात शिकवला जातो : चेंडू एकदा पुढे नेला की मागे आणायचा नाही. हे वाक्य चुकीचे नाही, पण अपुरे आहे, आणि मैदानावरचे बहुतेक वाद त्या अपुरेपणातून निघतात. माझे म्हणणे असे, की बॅककोर्टचा नियम मुळात ताब्याबद्दल आहे. रेषा ही त्या ताब्याची जागा ठरवण्याची खूण आहे, एवढेच. ज्या पंचाला हे पटले त्याचे दहातले नऊ निर्णय आपोआप सरळ होतात. जो फक्त रेषेकडे पाहतो, तो नियमपुस्तक पाठ करूनही चुकत राहतो.

कलबुर्गी आणि बीदर या सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. कलबुर्गी हे कर्नाटकातल्या चार महसुली विभागांपैकी एकाचे मुख्यालय. शालेय आणि दसरा क्रीडास्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी चढत जातात, त्यामुळे भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद इथल्या मराठी घरांतली मुले यादगीर आणि रायचूरच्या मुलांसमोर विभागीय फेरीतच येतात. शिवाय 1956पर्यंत हा सगळा टापू आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होता. उदगीर, लातूर, सोलापूरशी इथल्या माणसांचे येणेजाणे आजही रोजचे आहे, आणि खेळही त्या येण्याजाण्यातच येतो. अशा ठिकाणी पंच म्हणून उभा राहणारा माणूस पुष्कळदा शाळेतला शारीरिक शिक्षण शिक्षक असतो. सकाळी कबड्डी, दुपारी खो-खो आणि संध्याकाळी बास्केटबॉल अशी त्याची शिट्टी दिवसभर फिरते. मोठ्या शहरांतल्या बंदिस्त सभागृहात जे साहित्य गृहीत धरलेले असते ते तालुक्याच्या काँक्रीटच्या कोर्टवर नसते. बॅककोर्टच्या नियमाचे खरे वजन नेमके अशा कोर्टवर कळते. ते कसे, हे समजण्यासाठी नियम कुठून आला ते आधी पाहायला हवे.

डिसेंबर 1891मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नाइस्मिथने हा खेळ मांडला तेव्हा त्याच्या तेरा नियमांत मध्यरेषेचा उल्लेख नव्हता. चेंडू घेऊन पळायचे नाही आणि जिथे पकडला तिथून फेकायचा, एवढ्यावर खेळ चालत होता. पुढे ड्रिबल आले, संघ कसबी झाले आणि एक दुखणे वर आले. आघाडीवर असलेला संघ चेंडू स्वतःच्या टोपलीकडे नेई आणि सगळ्या मैदानभर फिरवत बसे. प्रतिस्पर्धी मागे धावे, चेंडू आणखी दूर जाई. आजचे फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, कोर्ट 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद, म्हणजे 420 चौरस मीटर असते. त्या काळची कोर्टे वेगवेगळ्या मापांची होती, पण सगळी जागा मोकळी असेल तर चांगला हात असलेल्या पाच जणांकडून चेंडू काढून घेणे तेव्हाही जवळजवळ अशक्य होते. यावर अमेरिकेत 1932 साली तोडगा निघाला : मैदानाचे दोन भाग करणारी रेषा, चेंडू पुढच्या भागात नेण्यासाठी दहा सेकंदांची मुदत आणि पुढे गेलेला चेंडू मागे आणण्यावर निर्बंध. हल्ला करणाऱ्या संघाकडे आता अर्धेच मैदान उरले. बचाव करणाऱ्याला जागा आवळता येऊ लागली आणि चेंडू काढून घेण्याची आशा परत आली. म्हणजे नियमाचा जन्म वेळकाढूपणाविरुद्ध झाला, आणि ज्याच्याकडे चेंडू आहे त्याच्यावरच त्याने बंधन घातले. चेंडू नसलेल्या संघाला या नियमाने कधीच काही सांगितलेले नाही. हे मुद्दाम लक्षात ठेवावे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

अर्थात अर्ध्या मैदानातही वेळ काढता येतो. 22 नोव्हेंबर 1950 रोजी फोर्ट वेन आणि मिनियापोलिस यांच्यातला व्यावसायिक सामना 19–18 असा संपला. दोन्ही संघ मिळून सदतीस गुण. चार वर्षांनी, 1954मध्ये, सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांच्या आग्रहाने एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये फेकीसाठी चोवीस सेकंदांचे घड्याळ आले. आंतरराष्ट्रीय खेळात फिबाने 1956मध्ये तीस सेकंदांची मर्यादा घेतली, आणि 2000 साली ती चोवीसवर आणताना चेंडू पुढे नेण्याची मुदतही दहावरून आठ सेकंदांवर आणली. एनबीएने 2001मध्ये आठ सेकंद स्वीकारले. अमेरिकेतल्या महिला महाविद्यालयीन खेळात तर चेंडू पुढे नेण्याला 2013पर्यंत मुदतच नव्हती. भारतात खेळ वायएमसीएमार्फत रुजला, 1934मध्ये दिल्लीला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि 1950मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघ स्थापन झाला. आपल्याकडचे सामने फिबाच्या नियमांनी चालतात, तेव्हा पुढची चर्चाही त्याच नियमांची आहे.

आता नियम. ज्या टोपलीचा संघ बचाव करतो ती टोपली असलेला अर्धा भाग त्या संघाचा बॅककोर्ट, आणि उरलेला त्याचा फ्रंटकोर्ट. मध्यरेषा बॅककोर्टमध्ये मोजली जाते, आणि हे दोन्ही संघांना लागू आहे. म्हणजे तीच पाच सेंटिमीटरची पट्टी आपल्यासाठी आपला बॅककोर्ट आणि प्रतिस्पर्ध्यासाठी त्याचा. रेषेवर पाय म्हणजे मागे पाय, मग चेंडू कुणाकडेही असो. यावर उल्लंघन ठरायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. पहिली, त्या संघाचा फ्रंटकोर्टमध्ये चेंडूवर ताबा असावा. दुसरी, फ्रंटकोर्टमध्ये चेंडूला शेवटचा स्पर्श त्याच संघाच्या खेळाडूचा असावा. तिसरी, त्यानंतर चेंडूला पहिला स्पर्शही त्याच संघाने केलेला असावा, आणि तो बॅककोर्टला टेकलेल्या खेळाडूने किंवा चेंडू बॅककोर्टमध्ये टेकल्यानंतर. तिन्हींतली एक जरी गळली तरी शिट्टी नाही. शिक्षा म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याला, घटनेच्या जवळच्या जागेवरून थ्रो-इन, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकणे. ती जागा प्रतिस्पर्ध्याच्या दृष्टीने हल्ल्याच्या अर्ध्यात येते. चेंडू गेला तो गेलाच, वर जागाही गेली.

पहिल्या अटीतला ‘फ्रंटकोर्टमधला ताबा’ हा शब्दप्रयोग सर्वांत जास्त घसरवतो. ड्रिबल करत रेषा ओलांडणाऱ्याचे दोन्ही पाय आणि चेंडू, हे तिन्ही फ्रंटकोर्टला पूर्णपणे लागेपर्यंत तो नियमाच्या दृष्टीने मागेच असतो. म्हणून एक पाय पुढे टाकून, समोर दोघांचा सापळा पाहून, तोच पाय मागे घेणाऱ्या खेळाडूवर ओरडणारे प्रेक्षक चुकत असतात. त्याने अजून सीमा पार केलेलीच नाही. त्याची अडचण फक्त आठ सेकंदांची आहे, आणि ती मोजणी चालूच राहते. तेच तिन्ही पुढे टेकल्यानंतर चेंडूचा एक टप्पा मध्यरेषेवर पडला आणि त्याच खेळाडूने तो पुन्हा हाताळला, तर मात्र उल्लंघन झाले, मग सगळा प्रकार अर्ध्या वितीच्या जागेत घडला असला तरी. हवेतल्या खेळाडूचे स्थान म्हणजे त्याने जमीन सोडली ती जागा, हेही इथेच जोडावे लागते. फ्रंटकोर्टमधून उडी मारून साथीदाराचा पास हवेत झेलला आणि बॅककोर्टमध्ये उतरला, तर झेलताना तो पुढे होता आणि उतरताना मागे आला. शिट्टी.

दुसऱ्या अटीत बचाव करणाऱ्याचा हात येतो, आणि इथेच नियमामागचा न्याय दिसतो. फ्रंटकोर्टमध्ये चाललेल्या ड्रिबलला बचावपटूने टपली मारली, चेंडू घरंगळत मागे गेला आणि हल्ला करणाऱ्याच्याच साथीदाराने तो मागे उचलला : काही चूक नाही. पुढच्या भागातला शेवटचा स्पर्श बचाव करणाऱ्याचा होता, मागे जाण्याला तो कारण झाला, तेव्हा त्याची शिक्षा चेंडूवाल्याला द्यायची नाही. चेंडू मागे उचलल्यावर आठ सेकंदांची मोजणी नव्याने सुरू होते. चोवीस सेकंदांचे घड्याळ मात्र तसेच पुढे धावते, कारण चेंडूवरचा संघाचा ताबा तुटलेला नाही. पण त्याच टपलीनंतर चेंडू मागे जाता जाता हल्ला करणाऱ्या संघाच्या दुसऱ्या खेळाडूच्या बोटांना फ्रंटकोर्टमध्येच लागला, तर शेवटचा स्पर्श पुन्हा त्यांचा झाला, आणि मागे उचलताच उल्लंघन झाले. हा अर्ध्या सेकंदाचा फरक आहे. पंचाने बोटे पाहिली नसतील तर त्याने अंदाजाने शिट्टी वाजवू नये, असे मला ठामपणे वाटते.

ताब्याचा हा धागा धरला की बाकीची अवघड प्रकरणे सुटी होतात. टोपलीकडे फेक झाली की संघाचा ताबा संपतो. म्हणून फेक चुकली, रिबाऊंडच्या झटापटीत हल्ला करणाऱ्या खेळाडूच्या हाताला लागून चेंडू पार मागे उडाला आणि त्याच्याच संघाने बॅककोर्टमध्ये घेतला, तर शिट्टी नाही. उडत्या चेंडूला नुसता हात लागणे म्हणजे ताबा नव्हे. बॅककोर्टमधून दिलेला पास पुढच्या भागात टप्पा खाऊन फिरकीमुळे मागे आला, आणि पुढे संघाच्या कुणी चेंडू ताब्यात घेतलाच नव्हता, तरीही नाही. प्रतिस्पर्ध्याचा पास अडवण्यासाठी एखादा खेळाडू स्वतःच्या फ्रंटकोर्टमधून उडाला, हवेतच चेंडू पकडला आणि मागे उतरला, तर नियम त्याला स्पष्ट सूट देतो, कारण त्याच्या संघाचा ताबा हवेतच नव्याने सुरू झाला आणि अंगातल्या वेगाला तो थांबवू शकत नव्हता. पण त्याच खेळाडूने हवेत असतानाच चेंडू मागे उभ्या साथीदाराकडे टाकला, तर सूट संपली. उतरणे त्याच्या हातात नव्हते. पास देणे होते. नियम तयार करणाऱ्यांनी इथे किती बारकाईने माणसाच्या इच्छेचा आणि अगतिकतेचा विचार केला आहे, ते पाहून मला तरी कौतुक वाटते.

थ्रो-इन हे सर्वांत फसवे प्रकरण. फ्रंटकोर्टच्या बाजूरेषेवरून थ्रो-इन घेणाऱ्याने चेंडू थेट बॅककोर्टमध्ये उभ्या साथीदाराला दिला तर चालते. चेंडू देणारा मैदानाबाहेर आहे, फ्रंटकोर्टमध्ये अजून कुणी चेंडूला हात लावलेला नाही. पण साथीदाराने फ्रंटकोर्टमधून उडी मारून तो हवेत पकडला आणि मागे उतरला, तर फिबाच्या नियमाने उल्लंघन, कारण थ्रो-इनसाठी चेंडू हाती आला तेव्हापासूनच संघाचा ताबा सुरू झालेला असतो, हवेत नवा ताबा निर्माण होत नाही. अमेरिकेतल्या शालेय नियमांत नेमकी हीच उडी मान्य आहे. आज मोबाइलवर अमेरिकन पंचांचे प्रशिक्षणाचे व्हिडिओ सहज दिसतात, मुले ते पाहून येतात, कधी पंचही पाहून येतात. एकाच उडीवर एकाचे बरोबर आणि दुसऱ्याचेही बरोबर, असा वाद मग सुरू होतो. हा वाद अज्ञानाचा नसून दोन नियमपुस्तकांचा आहे. स्पर्धेपूर्वीच्या बैठकीत ‘फिबाचे नियम लागू’ एवढे वाक्य सांगून भागत नाही. ही एक उडी तरी करून दाखवावी.

मराठी मुलखातल्या खेळाडूला ‘पुढे गेलास, आता मागे नाही’ ही कल्पना परकी नाही. 1914मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधलेल्या खो-खोच्या नियमांच्या परंपरेत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत त्याला उलट फिरता येत नाही. त्या बंधनामुळेच पळणाऱ्याला हुलकावणी देता येते आणि खेळात रंग येतो. बॅककोर्टचा नियम हेच काम करतो : ज्याच्या हाती पुढाकार आहे त्याचे परतीचे दार बंद करतो, म्हणजे दुसऱ्याला संधी मिळते. मुलांना शिकवताना खो-खोची ही दिशा आधी आठवून द्यावी आणि मग बास्केटबॉलकडे यावे, असे मी सुचवीन. कबड्डीची सवय मात्र इथे अडचणीत टाकते. कबड्डीत निदानरेषा असो वा मध्यरेषा, पंचाची नजर पायावर असते, आणि पाय कुठे पडला यावर निर्णय संपतो. बास्केटबॉलमध्ये पाय हा पुराव्याचा एक तुकडा आहे. चेंडू आणि बोटे हे बाकीचे दोन. कबड्डीत मुरलेला पंच रेषेवर पाय पाहताच शिट्टी ओठांना लावतो, आणि बचाव करणाऱ्याची टपली त्याच्या नजरेतून निसटते.

निसटण्याचे दुसरे कारण पंचाच्या उभे राहण्याच्या जागेत आहे. दोन पंचांच्या पद्धतीत एक पुढे टोपलीखाली जातो, त्याला लीड म्हणतात. दुसरा चेंडूच्या मागून येतो, तो ट्रेल. आठ सेकंद आणि मध्यरेषा ही ट्रेलची जबाबदारी. चेंडू वेगाने पुढे गेला की ट्रेल बरोबर मागे अडकतो, आणि मागून पाहिले की खेळाडूची पाठ दिसते. चेंडू, हात आणि रेषा तिन्ही त्या पाठीआड जातात. बाजूने, म्हणजे रेषेला समांतर नजर पोहोचेल अशा ठिकाणी सरकल्याशिवाय हा निर्णय प्रामाणिकपणे देता येत नाही. त्यात संघ पूर्ण मैदानावर प्रेस, म्हणजे अंगाशी भिडून दबाव, लावत असेल तर धक्के, ओढाताण आणि सेकंदांची मोजणी हेही त्याच माणसाकडे असते. चतुर प्रशिक्षक नेमका इथेच सापळा लावतात : चेंडूवाला मध्यरेषा ओलांडून बाजूरेषेच्या कोपऱ्यात आला की दोघे बचावपटू त्याला घेरतात. बाजूरेषा एक भिंत, मध्यरेषा दुसरी भिंत. मागे जाणे बंद असल्यामुळे खेळाडू घाईत पास टाकतो. हा सापळा पूर्णपणे न्याय्य आहे, आणि तो चालतो तो पंच त्या कोपऱ्याकडे नीट पाहील या विश्वासावर.

या नियमावर पहिला आक्षेप असा येतो की चोवीस सेकंदांचे घड्याळ आल्यावर हा नियम कालबाह्य झाला. वेळकाढूपणा घड्याळच थांबवते, मग मागे पास देण्यावर बंदी कशाला? या आक्षेपात तथ्य आहे, आणि थ्री-बाय-थ्री हा त्याचा सर्वांत चांगला पुरावा. टोकियो ऑलिंपिकपासून पदकाचा झालेला हा प्रकार अर्ध्याच कोर्टवर खेळतात, त्यात बॅककोर्ट नाहीच. फेकीसाठी बारा सेकंद असतात आणि चेंडूचा ताबा बदलला की तो टोपलीभोवतीच्या कमानीबाहेर न्यावा लागतो. तिथे खेळ मुळीच रेंगाळत नाही. पण त्याच उदाहरणातून उलटही दिसते. थ्री-बाय-थ्रीने बॅककोर्टचा नियम काढला तो मैदानाचा मागचा अर्धा भागच काढून. जागा आधीच आवळलेली असल्याने नियमाची गरज उरली नाही. पाच-पाच खेळाडूंच्या पूर्ण कोर्टवर ही बंदी उठवली, तर चोवीस सेकंदांतले वीस सेकंद 420 चौरस मीटरवर पळवापळवीत जातील आणि शेवटच्या चार सेकंदांत घाईची फेक होईल. घड्याळ वेळेला लगाम घालते, मध्यरेषा जागेला. बचाव करणाऱ्याला न्याय मिळायला दोन्ही लागतात.

आणि जिथे घड्याळच नाही तिथे काय? सीमाभागाचा प्रश्न नेमका इथे येऊन भिडतो. चोवीस सेकंदांचे घड्याळ म्हणजे दोन्ही टोपल्यांवर फलक, त्यांना वीज, आणि ते चालवणारा शिकलेला माणूस. तालुक्याच्या कोर्टवर हे सगळे जमणे कठीण असते. मग टेबलावरचा माणूस मनातल्या मनात मोजतो किंवा मोजणीच सोडून देतात. अशा सामन्यात आघाडीवर असलेल्या संघाला रोखणाऱ्या दोनच गोष्टी उरतात : पंचाच्या हाताने मोजलेले आठ सेकंद आणि मध्यरेषा. मोठ्या सभागृहात बॅककोर्टची एखादी चूक घड्याळ भरून काढते. तालुक्यात ती चूक पूर्ण सामना फिरवू शकते. म्हणून मला वाटते की या नियमाचे प्रशिक्षण आधी तालुक्यात आणि मग राज्यात जायला हवे, आणि आज सहसा याच्या उलट घडते. वरच्या पातळीवर महाराष्ट्राकडे चांगल्या परंपरा आहेत. मुंबईतल्या नागपाड्याच्या कोर्टवर घडलेले अब्बास मुंतासिर 1970चे अर्जुन पुरस्कार विजेते होते, आणि पुण्याच्या स्नेहल बेंडके फिबाच्या आंतरराष्ट्रीय पंच म्हणून उभ्या राहिल्या. हे ज्ञान सोलापूर ओलांडून आळंदपर्यंत येण्यात राज्याची सीमा आडवी यायचे काही कारण नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा : शाळेतल्या मुलांसाठी नियम सोपा करा, चेंडू कसाही मागे गेला की उल्लंघन. ऐकायला हे बरे वाटते, पण यात तोटा नेमका दुबळ्या बाजूचा होतो. मग बचाव करणारा चेंडू काढून घ्यायचा प्रयत्नच करणार नाही. नुसती टपली मारून चेंडू मागे घालवला की चेंडू त्याचा. चेंडू सांभाळणारा बारा वर्षांचा मुलगा स्वतःची काही चूक नसताना शिक्षा भोगेल, आणि जी टपली त्याला खेळात सावध राहायला शिकवते तीच त्याला पुढे येण्यापासून परावृत्त करील. सोपेपणा हवाच असेल तर तो नियम कापून न आणता शिकवण्याच्या पद्धतीतून आणावा. पंचाने स्वतःला तीन प्रश्न विचारायचे : पुढे ताबा होता का, पुढे शेवटचा हात कुणाचा, मागे पहिला हात कुणाचा. पाचवीतल्या मुलालाही एवढे झेपते.

तिसरा आक्षेप जुन्या जाणत्या पंचांचा आहे आणि तो जास्त विचार करायला लावतो. ते म्हणतात, बोटभर टाच रेषेवर टेकली, कुणाचा फायदा झाला नाही, खेळ चालू द्यावा. फाऊलच्या बाबतीत हा विचार बरोबर आहे. प्रत्येक स्पर्श फाऊल नसतो, त्याने प्रतिस्पर्ध्याचे नुकसान झाले का हे पंच पाहतो. पण बॅककोर्ट हे उल्लंघन आहे, आणि उल्लंघन ही वस्तुस्थिती असते. टाच रेषेवर होती किंवा नव्हती. सापळ्यात अडकलेल्या खेळाडूला ती बोटभर जागाच सोडवते, तेव्हा ‘फायदा झाला नाही’ हे म्हणणे बहुतेक वेळा खरेही नसते. पंचाला जर पाय दिसलाच नसेल तर गोष्ट वेगळी. जे दिसले नाही त्यावर शिट्टी नको. पण जे दिसले ते दयेने सोडायचे नाही, कारण ती दया दुसऱ्या संघाच्या पदरातून काढलेली असते.

दिसण्याबद्दल बोलायचे तर शेवटी रंगावर यावे लागते. सीमाभागातल्या कित्येक कोर्टांवर एकाच काँक्रीटवर व्हॉलीबॉल, थ्रोबॉल आणि बास्केटबॉलच्या रेषा एकमेकींवर रंगवलेल्या असतात, आणि उन्हाने, पावसाने सगळ्या सारख्याच फिक्या पडतात. नियमपुस्तक पाच सेंटिमीटर रुंद, एकाच रंगाची, स्पष्ट दिसणारी रेषा मागते, आणि मध्यरेषा दोन्ही बाजूरेषांच्या बाहेर पंधरा सेंटिमीटर वाढवायला सांगते. ती वाढवलेली टोके बाजूला उभ्या पंचाला नेम धरायला फार उपयोगी पडतात, आणि तीच बहुतेक ठिकाणी रंगवायची राहून जातात. चोवीस सेकंदांची दोन घड्याळे घेणे प्रत्येक शाळेला परवडणार नाही. पण स्पर्धेच्या आदल्या दिवशी ही एक रेषा बाकी खेळांपेक्षा वेगळ्या रंगात, टोकांसकट नव्याने ओढणे कोणत्याही शाळेला जमण्यासारखे आहे. त्याचबरोबर, घड्याळ नसेल तेव्हा ट्रेल पंचाने आठ सेकंद मनात न मोजता हात हलवून, सगळ्यांना दिसेल असे मोजावेत. चेंडू बाहेर गेला आणि त्याच संघाला बॅककोर्टमध्ये थ्रो-इन मिळाला, तर मोजणी जिथे थांबली तिथून पुढे सुरू करावी, आणि टेबलावरच्या माणसाने तो आकडा कागदावर लिहून ठेवावा. बचाव करणाऱ्याच्या टपलीने चेंडू मागे आला असेल, तर मोजणी एकपासून सुरू होते हे हाताने दाखवावे. समोरच्या बाकावरचा प्रशिक्षक मग कन्नड बोलो, मराठी बोलो की दखनी, पंचाने काय पाहिले ते त्याला विचारावे लागणार नाही.